चित्रपटाला दहा लाख द्यावेत का? आधी त्या हप्त्याबद्दल बोलू

लालबागच्या एका वाचकांचे सविस्तर पत्र आले आहे. त्यांचे वय ६२. एका खासगी औषध कंपनीच्या लेखा विभागात ३४ वर्षे काढून ते दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. पत्नी गृहिणी आहेत, मुलीचे लग्न झाले आहे आणि राहते घर स्वतःचे आहे. त्यांच्या जुन्या चाळीत लहानाचा मोठा झालेला एक तरुण दिग्दर्शक, गटारांत उतरणाऱ्या सफाई कामगारांच्या कुटुंबांवर मराठी चित्रपट करतो आहे. खर्च ८० लाख रुपये असून आठ जणांकडून प्रत्येकी दहा लाख घ्यायचे, त्यांना वर्षाला १८ टक्के ‘खात्रीचा’ परतावा द्यायचा आणि श्रेयनामावलीत सहनिर्माता म्हणून नाव लावायचे, असा प्रस्ताव आहे. वाचकांचे वडील महापालिकेच्या मलनिःसारण खात्यात होते, त्यामुळे हा विषय त्यांच्या घरातलाच आहे. मुदत ठेव मोडून दहा लाख द्यावेत का, एवढाच त्यांचा प्रश्न आहे.

पत्राच्या शेवटी मात्र एक वाक्य जाता जाता आले आहे: ‘बाकी चिंता नाही, बँकेतल्या साहेबांनी निवृत्तीच्या पैशातून हमी उत्पन्नाची योजना करून दिली आहे, तिचा तिसरा हप्ता पुढच्या महिन्यात आहे.’ सोबत त्या विमा पॉलिसीच्या कागदांच्या छायाप्रती आहेत.

आपल्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आहे आणि त्याची कारणे पुढे देतोच. पण चित्रपटापेक्षा कितीतरी मोठे संकट या शेवटच्या वाक्यात आहे. त्याकडे आपले लक्ष गेलेले नाही, म्हणून आधी तेच मांडतो.

ही पॉलिसी अशी आहे: दहा वर्षे दरसाल सहा लाख भरायचे, दोन वर्षे थांबायचे आणि मग दहा वर्षे दरसाल ९ लाख ६० हजार घ्यायचे. ‘साठ लाख भरा, शहाण्णव लाख मिळवा’ असे आपल्याला सांगितले गेले. हिशेब सरळ आहे. आपला प्रत्येक सहा लाखांचा हप्ता बारा वर्षांनी ९ लाख ६० हजार होऊन परत येतो, म्हणजे व्याजाचा दर जेमतेम चार टक्के पडतो. आपण आयुष्यभर खतावण्या लिहिल्या आहेत. हे आकडे कंपनीच्या कामात समोर आले असते तर पाच मिनिटांत आपण लाल पेनाने खूण केली असती.

दर कमी असणे हे त्यातले लहान दुखणे आहे. आपल्याकडे आज मुदत ठेवी ४० लाखांच्या आहेत आणि भरायचे राहिलेले आठ हप्ते ४८ लाखांचे आहेत. घरखर्च महिन्याला ३२ हजार आणि भविष्य निर्वाह निधीचे निवृत्तिवेतन सुमारे तीन हजार, म्हणजे घरासाठी वर्षाला साडेतीन लाख ठेवींतूनच काढावे लागतात. त्यावर सहा लाखांचा हप्ता चढला की वर्षाचा उपसा साडेनऊ लाखांचा होतो. ठेवींवर सात टक्के व्याज धरले तरी पाच वर्षांत, आपल्या वयाच्या ६७ व्या वर्षी, ठेवी संपतात. पॉलिसीचे पैसे मात्र ७२ व्या वर्षी सुरू होणार. चित्रपटाचे दहा लाख आजच दिले तर चौथ्याच वर्षी पैसे अपुरे पडतात. निवृत्त माणसाला, ज्याला नवे उत्पन्न नाही, दहा वर्षे हप्ते भरण्याची पॉलिसी विकणे हा सल्ला नव्हे, आणि तसे मी जिथे संधी मिळेल तिथे म्हणत राहीन.

आता त्या छायाप्रतींतले दुसरे पान पाहा. प्रस्ताव अर्जात ‘व्यवसाय’ या रकान्यात ‘सल्लागार’ आणि ‘वार्षिक उत्पन्न’ या रकान्यात ‘२५ लाख’ असे लिहिले आहे. अक्षर आपले नाही, खाली सही मात्र आपली आहे. पडताळणीच्या फोनवर ‘सगळ्याला हो म्हणा’ असे आपल्याला सांगण्यात आले होते, हेही आपण लिहिले आहे. पॉलिसी परत करण्याची मुदत केव्हाच उलटली असली तरी हे पान आपल्या तक्रारीचा कणा आहे.

सर्वप्रथम बँकेत जाऊन हप्त्याची आपोआप होणारी वजावट लेखी अर्ज देऊन थांबवा. वार्षिक हप्ता भरायला ३० दिवसांची जादा मुदत असते, त्यामुळे घाईघाईत भरण्याचे कारण नाही. त्यानंतर विमा कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी तक्रार द्या, प्रत बँकेला द्या, निवृत्तीचे पत्र आणि दोन वर्षांची आयकर विवरणपत्रे जोडा आणि पॉलिसी रद्द करून पूर्ण बारा लाख मागा. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर सांताक्रूझला विमा लोकपालांचे कार्यालय आहे. तिथे शुल्क लागत नाही, वकीलही लागत नाही.

तक्रार फसली तर काय करायचे, हेही आजच ठरवून ठेवा. दोन हप्त्यांनंतर पॉलिसी मोडली तर आपल्या कागदांप्रमाणे चार लाखांच्या आसपास मिळतील. त्याऐवजी हप्ते थांबवून ती पेड-अप केली, म्हणजे भरलेल्या हप्त्यांपुरतीच चालू ठेवली, तर ७२ व्या वर्षापासून दहा वर्षे दरसाल १ लाख ९२ हजार मिळतात. सात टक्क्यांच्या हिशेबाने त्यांचे आजचे मोल सात लाखांच्या वर जाते. म्हणून रागाच्या भरात पॉलिसी मोडू नका. पेड-अपची कलमे वाचून तिला तशीच पडून राहू द्या. तिसरा हप्ता मात्र कोणत्याही परिस्थितीत भरू नका.

चाळीस लाखांपैकी ३० लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवावेत. ८.२ टक्क्यांनी तिमाहीला ६१,५०० रुपये, म्हणजे महिन्याला साडेवीस हजार येतील. निवृत्तिवेतन धरूनही महिन्याला साडेआठ हजार कमी पडतात. ते उरलेल्या दहा लाखांतून येतील आणि महागाईचा भारही त्यांवरच पडेल. नोकरीबरोबर कंपनीचा आरोग्यविमा संपला आणि नवा आपण घेतला नाही, हेही पत्रात आहे. जुन्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावे लागते, त्यामुळे दोघांचा विमा याच महिन्यात घ्या. त्याचा हप्ताही याच दहा लाखांतून जाणार. चित्रपटाला द्यायला निघालेले दहा लाख म्हणजे आपल्याकडचे हेच एकमेव मोकळे पैसे आहेत.

आता चित्रपट. १८० रुपयांच्या तिकिटातून जीएसटी आणि चित्रपटगृहाचा वाटा वजा केल्यावर ७५ रुपये उरतात, वितरकाचे कमिशन आणि डिजिटल प्रक्षेपणाचा खर्च काढला की निर्मात्याच्या हाती साठेक रुपये येतात. ८० लाखांत प्रसिद्धीचे ३० लाख मिळवले तर मुद्दल सुटायलाच पावणेदोन ते दोन लाख तिकिटे खपावी लागतील. राज्य शासनाचे अनुदान चित्रपट पूर्ण झाल्यावर परीक्षण समितीच्या गुणांवर ठरते, ते आधीच जमेस धरता येत नाही. चित्रीकरण आणि संकलनाची दोन वर्षे तिकीटबारीवरून एक रुपयाही येणार नाही. मग त्या काळातले १८ टक्के कुठून येणार? दुसऱ्या सहनिर्मात्याच्या पैशातूनच. खात्रीचा परतावा सांगून लोकांकडून ठेवी घेतल्या तर २०१९ चा अनियंत्रित ठेव योजना बंदी कायदा लागू होऊ शकतो. त्या मुलाची नियत स्वच्छ असेल, तरी हा शब्द त्याला गोत्यात आणेल. वडीलकीच्या नात्याने त्याला हे आपणच सांगा.

हा चित्रपट व्हायला हवा, असे मलाही मनापासून वाटते. गटारात गुदमरून मेलेल्या कामगाराच्या वारसांना ३० लाखांची भरपाई द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये सांगितले. ती मिळवताना घरच्यांची किती पायपीट होते हे पडद्यावर यायलाच हवे. १९७६ च्या ‘मंथन’साठी गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये दिले होते. बेरीज दहा लाखच होते, पण त्यासाठी कोणाच्या घरची ठेव मोडली नाही. त्या मुलाने दहा-दहा लाखांचे आठ जण शोधण्याऐवजी पाच-दहा हजारांचे हजार-पंधराशे जण गाठावेत, कामगार संघटनांकडे जावे, ‘प्रभात चित्र मंडळ’ १९६८ पासून मुंबईत चित्रपट दाखवत आले आहे, तिथल्या प्रेक्षकांशी बोलावे, राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाच्या (एनएफडीसी) फिल्म बाजारात सहनिर्माते शोधावेत.

आपण ५० हजार रुपये द्या, ते परत येणार नाहीत असे समजून आणि परताव्याचा कागद न करता. नात्याबाहेरच्या सगळ्यांकडून मिळून वर्षभरात ५० हजारांहून अधिक भेट मिळाली तर घेणाऱ्याला संपूर्ण रकमेवर कर लागतो, म्हणून आकडा त्यापुढे नेऊ नका.

याहून मोठी देणगी आपल्या हातात आहे. आपण पाठवलेल्या त्याच्या अंदाजपत्रकात जेवण, वाहतूक आणि ‘इतर’ या तीन ओळींतच २१ लाख आहेत, टीडीएसचा (पैसे देतानाच कापायच्या कराचा) उल्लेख नाही आणि प्रसिद्धीसाठी एक रुपयाही धरलेला नाही. ३४ वर्षे हिशेब लिहिलेला माणूस त्याला पदरचे पैसे देऊन मिळणार नाही. चित्रीकरण सुरू होण्याआधी त्याला घरी बोलवा, ते अंदाजपत्रक नव्याने मांडून द्या आणि चित्रपटाच्या हिशेबाची वही आपल्याकडे घ्या. सहनिर्माता म्हणून नाव लावायचे असेल तर ते या कामासाठी लावावे, असे त्याला निःसंकोच सांगा.