आधी डॉक्टर, मग लातूर

भाऊ, नमस्कार.

दारव्हा तालुक्यातून आलेलं तुमचं पत्र वाचलं. बारावी झाली, नीटमध्ये नंबर लागला नाही, आता मुलीला रिपीटसाठी लातूरला ठेवू का, असं विचारलंय. पण मला काळजी वाटली ती मधल्या चार ओळींची. तिला ऑटोइम्यून हिपॅटायटिस आहे, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच लिव्हरवर उलटलीय; स्टिरॉइडने चेहरा सुजला म्हणून तुम्ही दिवाळीपासून गोळ्या बंद करून प्रतिकारशक्तीचा काढा सुरू केला. वर होस्टेलवर कुणाला सांगायचं नाही, कारण 'लिव्हर म्हटलं की लोक दारू समजतात, उद्या सोयरीक कशी जमेल?'

याच आठवड्यात तिला तिच्या डॉक्टरकडे न्या. काढ्याची बाटलीही न्या आणि काहीही लपवू नका. चेहरा सुजतो हे खरं. त्यासाठी डॉक्टर स्टिरॉइडचा डोस हळूहळू उतरवतात, जोडीला अझाथायोप्रिन हे प्रतिकारशक्ती आवरणारं औषध देतात. आपल्या मनाने गोळ्या सोडल्या की आजार उलटतो.

प्रतिकारशक्ती कमी पडली म्हणून हा आजार झाला, हा तुमचा समज साफ चुकीचा आहे. इथे शेताचा राखणदारच उभं पीक उपटतोय आणि तुम्ही काढा पाजून त्याच्या हातात आणखी एक काठी देताय. प्रतिकारशक्तीच्या अशा उलटलेल्या पेशींना आवरायला शरीरात रेग्युलेटरी टी पेशी असतात. त्यांच्याच शोधासाठी २०२५चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मेरी ब्रन्को, फ्रेड रॅम्सडेल आणि शिमोन साकागुची यांना मिळालं.

'अभ्यास सोडून हे असलं वाचत बसते' म्हणून तुम्ही तिच्या वहीचं याच रेग्युलेटरी पेशींवरचं पान तक्रारीसोबत जोडलंय. त्यावर खाली तिने लिहिलंय : 'सुजलेल्या लिव्हरमध्ये या पेशी असतात, तरी दाह का थांबत नाही?' भाऊ, संशोधकही याच प्रश्नावर अडलेत. रुग्णांच्या रक्तात या पेशी कमी असतात असं काहींना आढळलं, काहींना नाही. पेशी कमी पडतात, दुबळ्या होतात की दाहापुढे त्यांचं काही चालत नाही, हा वाद मिटलेला नाही. बारावीच्या पोरीने नेमकं तिथे बोट ठेवलंय!

'डॉक्टर झाली की स्वतःचा इलाज स्वतः करेल' हे मात्र डोक्यातून काढा. आजारी लेकरावर हे ओझं कशाला?

तिला संशोधनच करायचं असेल तर आयसर या केंद्राच्या विज्ञान संस्थांची आयएटी ही प्रवेश परीक्षा आहे, किंवा अमरावती विद्यापीठाच्या कॉलेजातून बीएस्सी, मग जॅम ही प्रवेश परीक्षा देऊन एमएस्सी. पुढे नेट परीक्षेतून जेआरएफ ही संशोधन शिष्यवृत्ती मिळाली तर पीएचडी करताना महिन्याला ३७,००० रुपये मिळतात. पुण्याचं एनसीसीएस हे पेशीविज्ञान केंद्र, दिल्लीची राष्ट्रीय प्रतिरक्षाविज्ञान संस्था (एनआयआय), दोन्हीकडे प्रतिकारशक्तीवर संशोधन चालतं.

डॉक्टरांनी तपासल्याशिवाय लातूरची फी भरू नका. तिला स्वतःलाच जायचं असेल आणि डॉक्टर हो म्हणाले, तर होस्टेलच्या रेक्टरला आजाराचं नाव, गोळ्यांची यादी आणि डॉक्टरांचा फोन नंबर लेखी द्या.