गावकीने वाळीत टाकलं, पुरावा कुठून आणू?

प्रश्न : मुलीने जातीबाहेर लग्न केलं म्हणून गावकीने आम्हाला वाळीत टाकलंय. किराणासुद्धा मिळत नाही. लेखी काहीच नाही. तक्रार कशी करू?

उत्तर : असला ठराव लेखी कोण देणार? त्याच्यावाचून अडत नाही. महाराष्ट्रात सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा २०१७ पासून लागू आहे : ३ वर्षांपर्यंत कैद, १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. गुन्हा दखलपात्र, म्हणजे पोलिसांना एफआयआर नोंदवावाच लागतो. टाळलं तर थेट न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जा. तक्रारी लंगड्या पडतात त्या ‘गावाने छळलं’ असं मोघम लिहिल्याने. बैठकीची तारीख, कोण काय बोललं, कुठल्या दुकानातून कधी परत पाठवलं, तेव्हा शेजारी कोण उभं होतं, हे सगळं नावानिशी लिहा. आणि ‘मिटवून टाकू’ म्हणत पुढे केलेल्या कोऱ्या कागदावर सही अजिबात करू नका.