चौकात रॉकेट बसवावं की सावलीचा खांब?

गावातल्या, शाळेतल्या, चौकातल्या शिल्पांविषयी या महिन्यात आलेली तीन पत्रं आणि त्यांची उत्तरं.

प्रश्न : ताई, नमस्कार. मी परभणी जिल्ह्यातल्या सेलू तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. चांद्रयान-3 चंद्रावर उतरलं तेव्हापासून चौकात विज्ञानाचं काहीतरी शिल्प असावं असा पोरांचा हट्ट आहे. वर्गणी जमली आहे. एका कंपनीने फायबरचं पंधरा फुटी रॉकेट देऊ केलंय. सरपंच म्हणतात, घेऊन टाका. माझं मन घेईना. काय करावं?

उत्तर : सर, नमस्कार. तुमचं मन घेत नाही ते बरोबर आहे. रॉकेट घेऊ नका.

आपल्याकडचं ऊन तुम्हाला ठाऊक आहे. उघड्यावरच्या फायबरचा रंग काही उन्हाळ्यांत उडतो, वरचा थर तडकतो, आतले काचेचे तंतू बाहेर येतात. मग पोरांनी हात लावला की खाज सुटते. पण फायबर टिकाऊ असतं तरी मी नकोच म्हटलं असतं. ते रॉकेट उडत नाही, काही मोजत नाही, काही दाखवत नाही. पोरं फोटो काढतील आणि आठवड्याने त्याच्याकडे बघणारही नाहीत. चौकात शिल्प हवं तर ते स्वतः विज्ञान करणारं असावं आणि त्यात गावाचा हात लागलेला असावा.

माझं सांगणं असं. काळ्या पाषाणाचा, जमिनीपासून दहा फूट उंच खांब उभा करा. माथ्यावरून पूर्वेकडे दोन फूट पुढे येणारी पट्टी आणि तिच्या टोकाला वीतभर रुंद, आडवी तबकडी. तबकडीला मधोमध करंगळी जाईल एवढं भोक. पितळ चोरीला जातं, म्हणून स्टेनलेस स्टील वापरा. तबकडीच्या सावलीच्या मध्यभागी जमिनीवर प्रकाशाचा गोल ठिपका पडेल. तोच सूर्य. खांबाच्या टोकाची सावली पुसट असते, तिच्यावर नेमकी खूण करता येत नाही, ठिपक्यावर येते.

आता दर सोमवारी दुपारी बरोबर 12 वाजून 24 मिनिटांनी त्या ठिपक्यावर एक खूण करा. ही वेळ मी उगीच सांगत नाही. आपलं घड्याळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंश रेखांशाचं, आणि सेलू त्याच्या पश्चिमेला सुमारे सहा अंशांवर. एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे तुमचा सरासरी मध्यान्ह घड्याळाच्या बारानंतर 24 मिनिटांनी. सरासरी अशासाठी, की फेब्रुवारीच्या मध्याला खरा मध्यान्ह, म्हणजे सूर्य सर्वांत उंच असण्याची वेळ, बारा अडतीसच्या सुमारास होतो आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला बारा आठच्या सुमारास. पृथ्वीचा अक्ष कललेला आहे आणि तिची कक्षा पुरती गोल नाही, त्याचा हा परिणाम. म्हणून वर्षभराच्या खुणा एका रेषेत येत नाहीत. त्यांचा जमिनीवर लांबट इंग्रजी आठ (8) तयार होतो, सुमारे दहा फूट लांब आणि जेमतेम दीड फूट रुंद.

या आठाचं डिसेंबरातलं टोक तबकडीच्या बरोबर खालच्या जागेपासून उत्तरेला सव्वानऊ फुटांवर येईल, आणि जूनमधलं टोक दक्षिणेला आठ इंचांवर. दक्षिणेला सावली! कर्कवृत्ताच्या उत्तरेकडे, दिल्लीच्या पोरांना, मध्यान्हाची अशी सावली कधीच दिसत नाही. ती खालची जागा गवंड्याकडून ओळंबा सोडून काढून घ्या आणि तिथे वेगळा दगड बसवा. 17 मेच्या आसपास, बारा वाजून वीस मिनिटांच्या सुमारास ठिपका बरोबर त्या दगडावर येईल. तो तुमचा शून्य सावलीचा दिवस. दुसरा 26 जुलैच्या आसपास येतो, पण तेव्हा आभाळ बहुतेक भरलेलं असतं.

आणि माझं मन या आठात अडकलं ते इथेच. सोमवारी ढग असतील तर ती जागा मोकळी सोडा. अंदाजाने भरू नका, मागाहून गणित करून तर मुळीच भरू नका. आठाचा धाकटा गोल एप्रिलच्या मध्यापासून ऑगस्टअखेरपर्यंतचा असतो. पाऊसकाळ चांगला असेल तर त्याची एक बाजू रिकामी राहील. पावसाने दगा दिला तर ती भरत जाईल. गावाने कुठलंही वर्ष बोटाने दाखवावं, असं ते शिल्प होईल. नुसते ढग येतात आणि पाऊस हुलकावणी देतो हेही आपल्याकडे होतंच, म्हणून शाळेत पर्जन्यमापक ठेवा आणि वर्षभराच्या पावसाचा आकडा शेजारच्या फरशीवर कोरा. मी लातूरची आहे. 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, तेव्हा आम्ही स्टेशनवर ती गाडी बघायला गेलो होतो. पाण्याची अशी सालं दगडावर राहिली पाहिजेत असं मला मनापासून वाटतं.

दुसऱ्या वर्षी खुणा तिथेच पडतात का ते पोरांना तपासू द्या. उत्तर तुम्ही आधी सांगू नका.

दगडाविषयी. चकचकीत ग्रॅनाइट विकत आणू नका. आपल्या पायाखाली सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा काळा पाषाण आहे, वेरूळचं कैलास लेणं याच खडकात वरून खाली कोरत नेलंय. माझे आजोबा पाथरवट होते. जाती, पाटे, उंबरठे घडवायचे. खाणीत ते दगडाला आधी हातोडीने वाजवून बघत. खणखणीत आवाज आला तर घ्यायचा. बद्द वाजला तर आत भेग आहे, तो उंबऱ्याला चालेल, खांबाला नाही. पुढे कुठलीही यंत्रं आली तरी ही परीक्षा मी सोडलेली नाही. जात्यांना आणि पाट्यांना टाकी लावायला येणारी वडार कुटुंबं तुमच्या भागात अजून असतील. खुणा कोरायचं काम त्यांना द्या, त्यांची मजुरी वर्गणीतून वेळेवर द्या, आणि त्यांच्याच हाताखाली पोरांना एकेक खूण कोरू द्या.

एक अडचण आहे. शून्य सावलीचा दिवस उन्हाळी सुट्टीत येतो, तेव्हा शाळेला कुलूप. म्हणून सोमवार गल्लीवार वाटून द्या. किराणा दुकानदार, अंगणवाडीताई, मंदिरातली भजनी मंडळी, मशिदीजवळचा सायकलवाला, ज्याची पाळी त्याने खूण करायची. ग्रामसभेचा ठराव घ्या, त्यात ही पाळीची यादीही जोडा. सरपंचांना माझा नमस्कार सांगा आणि म्हणावं, रॉकेटच्या पैशांत हे बसवून उरलेल्यात पर्जन्यमापकही येईल.

प्रश्न : मी नांदेडला बीएस्सी करतो. जयपूरचं जंतरमंतर पाहून आलो. मराठवाड्यात असं विज्ञान आणि कला एकत्र असलेलं काही आहे का?

उत्तर : आहे, आणि तुझ्यापासून फार लांब नाही. जयपूरचं सम्राट यंत्र, म्हणजे सावलीचं ते प्रचंड घड्याळ, तू पाहिलंस. 27 मीटर उंच, आणि त्याची सावली सेकंदाला सुमारे एक मिलिमीटर सरकते. आपल्याकडे ग्रहताऱ्यांची नाही, पाण्याची यंत्रं आहेत. छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की बघ. डोंगरातलं पाणी खापरी नळांतून, आपल्याच दाबाने आणून त्यावर जातं फिरवलं. नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदीवरचा बंधारा आणि त्याच्या पोटातला पाणीमहाल बघ, पण पावसाळ्यात जा. आणि सर्वांत आधी परभणी जिल्ह्यात वालूरला जा. तिथली बारव चक्राकार पायऱ्यांची आहे आणि तिच्यातला गाळ गावकऱ्यांनी स्वतः उपसलाय. वही घेऊन जा. पायऱ्या मोज, वरून खाली आराखडा काढ.

प्रश्न : ताई, आम्ही अंबाजोगाईजवळच्या एका गावातल्या बचत गटाच्या बाया. गटाकडे माळरानाचा तुकडा आहे, तिथं झाडं लावायचीत. एका मुलीनं सांगितलं की झाडांचंही शिल्प होतं. खरं का? आम्हाला छिन्नी धरता येत नाही.

उत्तर : खरं आहे मायबाई, आणि छिन्नी लागत नाही. फिनलंडमध्ये अ‍ॅग्नेस डेनेस या कलावतीने 1992 ते 1996 या काळात खडी काढून उजाड झालेल्या जागेवर टेकडी उभारली आणि तिच्यावर 11,000 माणसांकडून 11,000 पाइनची झाडं लावून घेतली. प्रत्येक झाड एकेका माणसाचं, आणि ती जागा 400 वर्षं राखायची असं ठरलं. झाडांची मांडणी सूर्यफुलातल्या बियांच्या हिशेबाने केलेली. तुमच्याकडे सूर्यफूल पेरतात, तेव्हा एक फूल हातात घ्या. बियांच्या वळणदार रांगा दोन्ही बाजूंनी मोजल्या तर बहुधा 34 आणि 55 भरतात.

तुम्ही पाइन लावू नका. बालाघाटाच्या माळावर सीताफळ आपसूक येतं, तेच लावा. मांडणी त्याच सूर्यफुलाच्या हिशेबाने अशी करा. मधोमध खुंटी ठोका, तिला दोरी बांधा. पुठ्ठ्याचा साडेएकशेसदतीस अंशांचा कोन कापून घ्या. मुलीच्या कंपासपेटीतला कोनमापक पुरे. पहिलं झाड खुंटीपासून 7 फुटांवर. पुढच्या प्रत्येक झाडाला पुठ्ठ्याने तेवढाच कोन एकाच दिशेला वळायचं आणि दोरी थोडी वाढवायची: चौथं झाड 14 फुटांवर, नववं 21 वर, सोळावं 28 वर, शंभरावं 70 वर. मधल्या झाडांचं अंतर मुलीला वर्गमूळ काढून सांगायला लावा. झाडाच्या आकड्याचं वर्गमूळ गुणिले सात. शंभर झाडं साधारण 14 गुंठ्यांत बसतात आणि शेजारच्या दोन झाडांत अकराएक फूट जागा सुटते, तेवढी सीताफळाला पुरते.

खड्डे मेमध्येच घ्या, माती तापू द्या, शेणखत भरून ठेवा. लावणी पहिला दमदार पाऊस झाल्यावर. पहिले दोन उन्हाळे पाणी कोण घालणार ते झाडागणिक नाव लिहून आजच ठरवा, कारण माळावर झाडं तिथेच जातात. फळं विकायची की गटात वाटायची, हेही आत्ताच ठरावात लिहून ठेवा.