‘हृषीकेश’मधला ह कुठे गेला?

प्रश्न असा आला आहे: मुलाचं नाव ‘हृषीकेश’ ठेवायचं ठरलंय, पण घरातले निम्मे लोक ‘ऋषिकेश’ लिहितात आणि नोंदणीच्या अर्जावर कोणी तरी ‘ह्रुषिकेश’ असं लिहून घेतलं. तिन्हींचा अर्थ एकच का, आणि बरोबर कोणतं? जोडीला दुसरा प्रश्न: चुलतभाऊ स्वतःचं नाव ‘प्रविण’ असं लिहितो, ते चालतं का?

हृषीकेश. ह ला ऋकार, पोटफोड्या ष ला दुसरी वेलांटी, शेवटी शेंडीफोड्या श. तिन्हींचा अर्थ एकच नाही. ‘ऋषिकेश’चा अर्थ होतो ऋषीचे केस, आणि ‘ह्रुषिकेश’ला काही अर्थच नाही.

हे मी गेली कित्येक वर्षं सांगते आहे आणि दर वेळी तेच एक उत्तर कानावर येतं: ‘अहो, व्यक्तिनामाला शुद्धलेखन नसतं.’ हे साफ चूक आहे. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम (पहिले चौदा १९६२चे, पुढचे चार १९७२चे) काढून बघा. अंत्य इकार-उकार दीर्घ लिहावा हे सांगताना तिथे व्यक्तिनामांचा स्पष्ट उल्लेख आहे आणि ‘हरी’ हे उदाहरणही आहे. नावाला शुद्धलेखन नसतं तर नियम करणाऱ्यांनी नावाचं नाव घेतलं कशाला? मोठ्या माणसाने स्वतःची सही कशी करावी हा त्याचा अधिकार, त्यात मी पडत नाही. पण आई-वडील अर्थ बघून नाव निवडतात आणि लिहिताना दुसरंच लिहिलं जातं, तेव्हा तो अधिकाराचा प्रश्न राहत नाही.

ह गेला कसा, ते आधी बघू. मराठीत ऋ चा उच्चार रु, हिंदीत रि. आपण क्रुष्ण म्हणतो, अम्रुता म्हणतो. त्यामुळे रोमन लिपीत मराठी माणूस या नावात ‘यू’ घालतो आणि हिंदी माणूस ‘आय’. दोघंही आपापल्या उच्चाराला धरून आहेत, तिथे माझी तक्रार नाही. घोटाळा होतो तो परतीच्या वाटेवर. हल्ली देवनागरी नाव फोनवर रोमन अक्षरं दाबून उमटवतात. एच, आर, यू दाबलं की पडद्यावर ‘ह्रु’ येतं आणि माणूस तेच उचलतो. म्हणजे नाव देवनागरीतून रोमनमध्ये गेलं आणि परत येताना ऋकार तिकडेच विसरून आलं. ‘हृ’ आणि ‘ह्र’ शेजारी शेजारी ठेवून बघा. हृ मध्ये ह ला बाक असलेला ऋकार लागलेला आहे, ते एकच व्यंजन आणि एक स्वर. ह्र मध्ये तिरपी रेघ आहे, ती र ची, म्हणजे दोन व्यंजनं. माझ्या भाच्याच्या शाळेच्या दाखल्यावर ‘ऋषिकेश’ आहे, ओळखपत्रावर ‘ह्रषिकेश’ आहे, आणि घरच्या पत्रिकेत आजोबांच्या हातचं, शाईने लिहिलेलं ‘हृषीकेश’ आहे. मुलगा एक, पण कागदोपत्री तिघं. दाखला दुरुस्त करून घ्यायला मी स्वतः तीन फेऱ्या मारल्या. तिसऱ्या फेरीत टेबलापलीकडच्या बाईंनी विचारलं, ‘ऋषी चांगलाच की हो, बदलता कशाला?’

त्यांच्या प्रश्नातच कारण आहे. शब्दाच्या सुरुवातीला र च्या आधी येणारा ह मराठी तोंडात टिकायला अवघड. ‘हृदय’ टिकलं ते शाळेत पुन्हा पुन्हा लिहावं लागतं म्हणून. नाव मात्र कानावरून लिहिलं जातं, आणि कानाला न कळलेल्या ‘हृषी’च्या जागी ओळखीचा ‘ऋषी’ येऊन बसतो. त्यात उत्तराखंडातलं तीर्थक्षेत्र आज ‘ऋषिकेश’ म्हणूनच लिहिलं जातं, त्याचा आधार मिळतो. गावाचं नावही मुळात विष्णूच्या हृषीकेश या नावावरूनच आलेलं आहे.

वेलांटीबद्दल कोणाला शंका असेल तर ती कानानेच मिटते. गीतेतला पहिल्या अध्यायातला पंधरावा श्लोक म्हणा: ‘पाञ्चजन्यं हृषीकेशो देवदत्तं धनञ्जयः’. हे अनुष्टुभ, म्हणजे आठ-आठ अक्षरांच्या चरणांचं वृत्त; त्यात चरणाचं पाचवं अक्षर लघू लागतं आणि सहावं गुरू. बोटावर मोजा: पा, ञ्च, ज, न्यं, हृ, षी. पाचवं हृ, सहावं षी. पहिली वेलांटी दिलीत की श्लोक तिथेच लंगडतो. ‘एवमुक्तो हृषीकेशो’, ‘तमुवाच हृषीकेशः’, विष्णुसहस्रनामातलं ‘अप्रमेयो हृषीकेशः’, सगळीकडे नाव याच जागी येतं. हजारो वर्षं लोक ही वेलांटी दीर्घ म्हणत आले आहेत, ती आपण एका अर्जात घालवायची?

आता अर्थ. आणि इथे माझं बहुतेक जाणकारांशी पटत नाही.

नावांच्या याद्यांपासून गीतेच्या प्रवचनांपर्यंत सगळीकडे एकच फोड मिळते: हृषीक म्हणजे इंद्रिय, हृषीक अधिक ईश, म्हणून इंद्रियांचा स्वामी. फोड जुनी आहे, तिला अमरकोश या जुन्या संस्कृत शब्दकोशाचा आधार आहे: ‘हृषीकं विषयीन्द्रियम्’. शंकराचार्यांच्या नावावरच्या सहस्रनामभाष्यातही ती आहे. पण त्याच भाष्यात लगेच दुसरी फोडही दिली आहे, आणि ती सांगायला आजचे प्रवचनकार विसरतात. ती अशी: हर्ष देणारे केस ज्याचे, तो हृषीकेश. हे भाष्यकाराच्या पदरचं नाही. महाभारताच्या शांतिपर्वात, नारायणीय आख्यानात, खुद्द कृष्ण अर्जुनाला आपल्या नावांचे अर्थ सांगतो. तिथे तो म्हणतो की सूर्य-चंद्राचे किरण हे माझे केस. ते जगाला जागवतात, ऊब देतात, त्याने जगाला हर्ष होतो, म्हणून मी हृषीकेश. नाव ज्याचं, त्याच्या तोंडी घातलेला अर्थ हा आहे. तो बाजूला ठेवून इंद्रियांचा स्वामीच तेवढा सांगायचा, हे मला कधीच पटलेलं नाही.

किरण म्हणजे केस ही कल्पना महाभारताच्याही आधीची, पार ऋग्वेदातली. दहाव्या मंडळात सूर्याचं वर्णन ‘सूर्यरश्मिर्हरिकेशः’ असं येतं: पिवळसर केसांचा. अग्नी ‘शोचिष्केश’ आहे, ज्वाळा हेच त्याचे केस. आणि पहिल्यांदा वाचली तेव्हा जिने मला झोप लागू दिली नाही ती गोष्ट ही: पहिल्या मंडळातल्या १२७व्या सूक्तात दुसऱ्या ऋचेत अग्नीला ‘शोचिष्केश’ म्हटलंय आणि चारच ऋचा पुढे, सहाव्या ऋचेत, त्याच अग्नीला ‘हृषीवत्’. हृषी असलेला, उल्हसित. ही दुसरी वेलांटी बघा. इथे कुठे ‘क’ नाही, कुठे ‘ईश’ नाही, तरी ‘हृषी’ दीर्घच आहे. म्हणजे ‘षी’ दीर्घ व्हायला ईशाची गरज नव्हती. ‘हृषी’ हा तुकडा स्वतंत्रपणे होता, आणि त्याला ‘केश’ सरळ जोडता येतो.

‘हृष्’ या धातूचा मूळ अर्थ आनंद नव्हे. मूळ अर्थ केस ताठ उभे राहणं. लॅटिनमधला ‘होर्रेरे’ हा याचाच भाऊ, त्यापासून इंग्रजीतला हॉरर. आपल्याकडे त्याच धातूपासून हर्ष झाला, आणि मराठीने ष चा ख करून ‘हरिख’ आणि ‘हरखणे’ केलं. एकाच काट्याची दोन टोकं: तिकडे भीतीने उभे राहिलेले केस, इकडे आनंदाने. संस्कृतने दोन्ही टोकं धरून ठेवली आहेत. गीतेत पहिल्या अध्यायात अर्जुन ‘वेपथुश्च शरीरे मे रोमहर्षश्च जायते’ म्हणतो तेव्हा तो आनंदात नाही, त्याला कापरं भरलंय. अकराव्या अध्यायात विश्वरूप बघून तोच ‘हृष्टरोमा’ होतो, आता विस्मयाने. पहिल्याच अध्यायात, पंधराव्या श्लोकात हृषीकेश शंख वाजवतो आणि एकोणतिसाव्यात अर्जुनाला रोमहर्ष होतो. धातू एकच.

पुढे जाऊन माझं मत सांगते, ते मत म्हणूनच घ्या. ‘हृषीक म्हणजे इंद्रिय’ हा शब्द मला ‘हृषीकेश’ फोडून मागाहून काढलेला वाटतो. असं म्हणायचं कारण त्याचा जोडीदार. गीतेत हृषीकेशाच्या समोर गुडाकेश, म्हणजे अर्जुन, उभा असतो, आणि कवीने ही जोडी हौसेने जमवली आहे: ‘एवमुक्तो हृषीकेशो गुडाकेशेन भारत’. गुडाकेशाची रूढ फोड ‘गुडाका म्हणजे झोप, तिचा ईश’. पण ही गुडाका गुडाकेश समजावून सांगण्यापलीकडे कुठे स्वतंत्रपणे नांदताना कोणी पाहिली असेल तर मला दाखवावी. ‘गुड’ म्हणजे गोळा हे मात्र पक्कं आहे, आपला गूळ त्यातूनच आला. गोळ्यासारख्या दाट केसांचा तो गुडाकेश, आणि हर्षाने उसळलेल्या केसांचा तो हृषीकेश. रथात पुढे एक, मागे एक, दोघांची नावं केसांवरून. कृष्णाचं सगळ्यात घरगुती नाव ‘केशव’ आहे, आणि पाणिनीने त्यासाठी स्वतंत्र सूत्र दिलं आहे: ‘केशाद्वोऽन्यतरस्याम्’. केशव म्हणजे केसांचा, इतकं सरळ. संध्या करताना म्हणायच्या विष्णूच्या चोवीस नावांत पहिला केशव आणि दहावा हृषीकेश. ज्या देवाची केसांवरून इतकी ओळख, त्याच्या नावातले केस उडवून तिथे इंद्रियनिग्रहाचा उपदेश का बसवायचा? तो उपदेश गीतेत इतरत्र भरपूर आहे.

यावर कोणी म्हणेल की मग ‘ऋषिकेश’मध्येही केस आहेतच की. आहेत, पण उभे करणारा धातू नाही. हृष् गेला की रोमांच गेला, हर्ष गेला, किरण गेले, उरले ते फक्त कोणा ऋषीचे केस. आणि इंद्रियांचा स्वामी ही फोड मानलीत तरी ह शिवाय ती उभी राहत नाही. अर्थाबद्दल माझ्याशी भांडा. ह बद्दल भांडायला जागा नाही.

मात्र वेगळं लेखन दिसलं की ते चूकच असतं असंही नाही, आणि लाल शाई घेऊन बसलेल्यांना हे सांगायला हवं. ‘गिरिश’ लिहिणाऱ्याला सगळे ‘गिरीश’ करायला लावतात. गिरि अधिक ईश म्हणजे गिरीश, डोंगरांचा स्वामी, हे ठीकच. पण ‘गिरिश’ हेही शिवाचंच नाव आहे आणि जास्त जुनं आहे: डोंगरावर राहणारा. यजुर्वेदातल्या रुद्रात ‘शिवेन वचसा त्वा गिरिशाच्छा वदामसि’ आहे. कालिदास कुमारसंभवाच्या पहिल्या सर्गाच्या शेवटी ‘गिरिशमुपचचार प्रत्यहं सा सुकेशी’ म्हणतो. हे मालिनी वृत्त, त्यात पहिली सहा अक्षरं लघू, तिथे दुसरी वेलांटी बसूच शकत नाही. आणि त्या ओळीतली पार्वतीही ‘सुकेशी’ आहे, हे जाता जाता. तेव्हा एखाद्या गिरिशची पहिली वेलांटी खोडण्याआधी दहा वेळा विचार करा.

‘दत्तात्रय’ मात्र त्या पंक्तीत बसत नाही. अत्रीचा मुलगा तो आत्रेय, दत्त अधिक आत्रेय म्हणून दत्तात्रेय. तीन तोंडांची मूर्ती डोळ्यांसमोर असल्यामुळे लोकांनी त्यात ‘त्रय’ वाचलं. ‘सुनिल’चंही तसंच. अनिलच्या शेजारी बसून त्याची वेलांटी बदलली. अनिल म्हणजे वारा, ‘अन्’ म्हणजे श्वास घेणे या धातूपासून, प्राणमधला ‘अन्’ तोच, तिथे पहिलीच वेलांटी. सुनीलमध्ये नील आहे, तिथे दुसरी.

चुलतभावांचं राहिलं. ‘प्रवीण’, दुसरी वेलांटी. या नावात वीणा आहे. वीणा वाजवण्यात जो निपुण तो प्रवीण, आणि मग कशातही निपुण असलेला प्रवीण. शब्दाचा मूळ अर्थ मागे पडून दुसराच रूढ कसा होतो, हे दाखवायला अलंकारशास्त्रवाले ‘कुशल’ आणि ‘प्रवीण’ हीच जोडी घेतात: कुशल म्हणजे आधी कुश नावाचं गवत नीट उपटून आणणारा. त्यांची सगळी कागदपत्रं ‘प्रविण’ या नावाने असतील तर केवळ वेलांटीसाठी राजपत्रात नाव बदलायच्या फंदात पडायला सांगणार नाही. सही मात्र आजपासून बदलता येईल, दुसरी वेलांटी देऊन. बाळाच्या अर्जावर अजून अंतिम शिक्का पडला नसेल तर तो आधी परत मागवा, आणि ‘हृ’ फोनवरून न उतरवता हाताने लिहून द्या.