75 टक्के नंतर बघू, आधी क्रेडिट मोजूया

मालवण तालुक्यातल्या एका आईचं पत्र आलंय. मुलगी 2024 ला बीएस्सीला गेली, मेजर झूलॉजी, आता एसवाय संपलंय आणि चार सेमचा सीजीपीए (दहापैकी सरासरी ग्रेड) 7.2 च्या आसपास आहे. तिला चौथं वर्ष करून ऑनर्स घ्यायचंय, पण मैत्रिणी सांगतात की 75 टक्के नसतील तर ऑनर्स मिळतच नाही, त्यामुळे पोरगी जेवतसुद्धा नाहीये धड. वडील रापणीवर (किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढायच्या मासेमारीवर) जातात, ते म्हणतात, "तीन वर्सात होता तां चार वर्सा कित्याक? चौथा वरीस करून काय गावतला?" आईचा प्रश्न एवढाच, की आम्ही काय करायचं.

ताई, नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि सोबत पाठवलेले मार्कशीटचे फोटो तर मोठे करून करून बघितले. पहिली गोष्ट, लेकीला आज रात्रीच सांगा की साध्या ऑनर्सला 75 टक्क्यांची अट यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, आराखड्यात नाहीये. डिसेंबर 2022 मध्ये यूजीसीने जो आराखडा काढला त्यात चार वर्षांच्या डिग्रीचे दोन प्रकार आहेत, एक नुसतं ऑनर्स आणि दुसरं ऑनर्स विथ रिसर्च, आणि पहिल्या सहा सेममध्ये 75 टक्के किंवा 7.5 सीजीपीए लागतो तो दुसऱ्या प्रकाराला. दोन्हींची नावं सारखी वाटतात म्हणून मुलांमध्ये हा घोळ झालाय, आणि माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या आठ मुलांच्या डोक्यात हाच गैरसमज असतो, खूप वाईट वाटतं कारण काही जण तर एवढ्यावरून चौथ्या वर्षाचा नाद सोडून देतात.

आता तिच्या बाबांचं म्हणणं. ते चुकीचं बोलत नाहीयेत, घर चालवणाऱ्या माणसाला एक वर्ष म्हणजे काय ते माहीत असतं, आणि आपल्याकडे फी भरायची वेळ नेमकी पावसाळ्यात येते, यांत्रिक बोटी जून-जुलै बंद, रापणही पावसात कुठली ओढणार, घरात पैसा नाही तेव्हाच कॉलेज पैसे मागतं. पण त्यांना हे गणित सांगा. पोरीला पुढे एमएस्सी करायचीच असेल तर जुन्या रस्त्याने तीन अधिक दोन म्हणजे पाच वर्षं, आणि ऑनर्स करून गेली तर पीजी एका वर्षाचं, म्हणजे चार अधिक एक, पुन्हा पाचच. वर्ष जास्तीचं जात नाही. (एक वर्षाची एमएस्सी हव्या त्या विषयात कुठे आहे ते मात्र आधी विचारून ठेवायचं.) एमएस्सी करायचीच नसेल, एमपीएससी किंवा बीएड डोक्यात असेल, तर बाबांचं बरोबर आहे, तीन वर्षांची डिग्री पूर्ण ग्रॅज्युएशनच धरली जाते, तिने तिथे थांबावं आणि अजिबात मनाला लावून घेऊ नये. तेव्हा हे आधी तिलाच विचारा, तुमच्या पत्रात ते कुठेच आलेलं नाहीये.

आता मला जी खरी काळजी वाटली ती.

सेम थ्रीच्या मार्कशीटवर खाली एकूण क्रेडिटचा आकडा आहे बघा. (क्रेडिट म्हणजे एकेक विषय पूर्ण केला की त्याच्या तासांप्रमाणे खात्यावर जमा होणारं माप.) तिथे 22 पाहिजेत आणि 20 छापलेत. वरच्या ओळी एकेक करून बघितल्या तर फील्ड प्रोजेक्टच्या समोर काही नाहीये, दोन क्रेडिटचं आहे ते. तुम्ही पत्रात ओझरतं लिहिलंय की त्या वेळी ती तापाने पडली होती आणि फाइल द्यायची राहिली, पण तुम्हाला वाटलं की छोटासा विषय आहे, मेन पेपर सगळे निघाले ना मग झालं. ताई, ऑनर्स अडतं ते इथे! महाराष्ट्रात नवीन धोरणाप्रमाणे एका सेमला 22 असे धरले तर तीन वर्षांचे 132 आणि चार वर्षांचे 176 क्रेडिट होतात, आणि त्यात मेजरचे मोठे पेपर सगळेच लक्ष देऊन करतात, निसटतात ते हे दोन-दोन क्रेडिटवाले, फील्ड प्रोजेक्ट, कम्युनिटी एंगेजमेंट, एनएसएस नाहीतर स्पोर्ट्स. माझ्याकडे एक मुलगा आला होता, एनएसएसच्या कॅम्पला सात दिवस राहिलेला, फोटोत पहिल्या रांगेत, पण वर भरलेल्या यादीत त्याचं नाव नव्हतं आणि हे त्याला वर्षभराने कळलं, तोपर्यंत ते बघणारे सर बदलून गेलेले. दोन क्रेडिटसाठी बिचाऱ्याने सहा महिने हेलपाटे मारले.

म्हणून कॉलेज उघडलं की पहिल्या आठवड्यात तिने एचओडी मॅडमना भेटून लेखी अर्ज द्यायचा की सेम थ्रीचं फील्ड प्रोजेक्ट पूर्ण करायची संधी द्या, सोबत डॉक्टरांचा कागद असेल तर जोडायचा आणि अर्जाच्या झेरॉक्सवर पोचीचा शिक्का घ्यायचा. तोंडी "बघू" म्हणाले तर तेवढ्यावर घरी येऊ नका. त्याच दिवशी अजून दोन प्रश्न विचारून यायचे. आमच्या कॉलेजात झूलॉजीचं चौथं वर्ष सुरू होणार आहे का, कारण प्रत्येक कॉलेजात प्रत्येक विषयाला ते असेलच असं नाही, आणि रिसर्चवालं असेल तर मान्यता असलेले गाइड डिपार्टमेंटला आहेत का. तिचं चौथं वर्ष 2027-28 ला येतंय, म्हणजे वेळ आहे, पण इथे नसेल तर रत्नागिरीला किंवा मुंबईला पाठवायचं का हा घरातला निर्णय आहे आणि होस्टेल, मेसचा हिशोब करायला तुम्हाला आत्तापासून वर्षभर मिळतं.

अजून एक छोटं काम. मोबाइलवर डिजिलॉकर उघडून तिचं एबीसीचं (अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स, म्हणजे क्रेडिटची बँक) खातं बघा, बारा आकडी नंबर असतो तो, तिथे चारही सेमचे क्रेडिट जमा दिसतात का बघायचं. आपल्याकडे आधारवर नाव एक आणि दहावीच्या सर्टिफिकेटवर स्पेलिंग दुसरं हे घरोघरी असतं, आणि तेवढ्यावरून क्रेडिट खात्यात येत नाहीत. कॉलेज बदलायची वेळ आलीच तर हेच खातं कामाला येणार.

आता रिसर्चचं. तिला जर तेच करायचं असेल तर 7.5 चं गणित कागदावर मांडूया म्हणजे भीती कमी होईल. प्रोजेक्ट क्लिअर झालं आणि चार सेमचा सीजीपीए 7.2 राहिला असं धरलं तर 88 क्रेडिट गुणिले 7.2 म्हणजे 633.6 पॉइंट झाले. सहा सेमला 7.5 पाहिजे तर 132 गुणिले 7.5, म्हणजे 990 लागतात. उरले 356.4, ते टीवायच्या 44 क्रेडिटमध्ये मिळवायचे, म्हणजे सरासरी 8.1. अवघड आहे पण हातातलं आहे, तिचे प्रॅक्टिकलचे ग्रेड बघता तर नक्कीच, थिअरीच्या दोन पेपरांत ती मागे पडलीय तिथे जोर लावायला हवा. आणि नाही जमलं, 7.4 वर अडकली, तरी साधं ऑनर्स आहेच, रिसर्चवाले 12 क्रेडिटचं संशोधन करतात तेव्हा बाकीचे त्याऐवजी विषयाचे पेपर करतात.

पीएचडीचं तुम्ही शेवटी विचारलंय. 2022 च्या नियमांनुसार चार वर्षांच्या डिग्रीला 75 टक्के असतील तर एमएस्सी न करताही पीएचडीला अर्ज करता येतो आणि राखीव प्रवर्गांना त्यात 5 टक्के सूट आहे, पण ही सूट पीएचडी प्रवेशाची, ती चौथ्या वर्षाच्या रिसर्चला आपोआप लागू होते असं गृहीत धरू नका. आणि कॉलेजात शिकवायचं स्वप्न असेल तर एमएस्सी करावीच लागते, ती टाळून चालत नाही. माझं मत विचाराल तर तिने एमएस्सी करूनच पुढे जावं, गावातून गेलेल्या मुलीला त्या एका वर्षात लॅब, माणसं, बोलणं सगळं सवयीचं होतं, घाई कशाला.

राहिलं ते फील्ड प्रोजेक्ट. दोन क्रेडिट म्हणजे साधारण 60 तासांचं काम, आणि विषय शोधायला तिला लांब जायला नको. रापण सुरू झाली की तिने वही घेऊन पहाटे बाबांबरोबर किनाऱ्यावर जावं, जाळं ओढून झालं की कुठला मासा किती आला ते लिहावं, तारली किती टोपल्या, बांगडे किती, पेडवे किती, बारीक पिल्लं किती निघाली, त्या दिवशी वारा कुठला होता, पाणी गढूळ होतं की स्वच्छ. वीस-बावीस दिवसांची अशी नोंद नीट तक्त्यात मांडली आणि सोबत माशांची शास्त्रीय नावं, मापं, फोटो लावले तर कुठल्याही झूलॉजीच्या मॅडम खूश होतील, आणि रिसर्चला गेलीच तर पुढच्या कामाचा पाया तिथेच पडलेला असेल. आधी मॅडमकडून विषय मंजूर करून घ्या एवढंच. आणि बाबांना सांगा की पहिल्या दिवशी माशांची गावठी नावं त्यांनी सांगायची आणि तिने लिहून घ्यायची, वहीचं पहिलं पान त्यांच्याकडूनच भरून घ्या.

अर्जाची पोच मिळाली की मला फोटो पाठवा ताई, पुढचं मग बघू.