बिनबिलाचा लॅपटॉप खरंच स्वस्त पडतो का?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: इंदुरात ग्राफिक डिझाइनचं काम, जीएसटी नंबर घेतलेला. लॅपटॉप ऑनलाइन ५९,०००ला, विक्रेता कर्नाटकातला. जेल रोडवर पक्क्या बिलावर ६०,१८०, बिनबिलाचा ५४,०००. पुण्याचा भाचा तिथल्या दुकानातून ५७,८२०ला आणून देतो म्हणतो. ऑनलाइन बिलावर कर १८ टक्के दिसतो, इथे ९, मग इथे कर कमी नाही का?

नाही. इथल्या बिलावर ९ टक्के दोनदा लागतात, सीजीएसटी केंद्राचा आणि एसजीएसटी राज्याचा. माल परराज्यातून आला की तेच १८ टक्के आयजीएसटी म्हणून एकरकमी लागतात. व्हॅट आणि प्रवेश कराच्या काळात राज्याची हद्द ओलांडली की हिशेब बदलायचा. १ जुलै २०१७ला जीएसटी आला आणि ते संपलं.

तुमच्या बाबतीत खरा फरक पडतो तो क्रेडिटचा. तुम्ही ग्राहकांकडून १८ टक्के घेऊन भरता, कंपोझिशनमध्ये (छोट्या धंद्यांची ठोक कराची योजना, तिच्यात क्रेडिट नसतं) नाही. म्हणजे धंद्यासाठी घेतलेल्या लॅपटॉपवरचा कर त्यातून वजा करता येतो. ऑनलाइनच्या ५९,०००त ९,००० कर आहे. तो वळता झाला की लॅपटॉप ५०,०००ला पडला. जेल रोडचा पक्क्या बिलावर ५१,०००ला. बिनबिलाचा मात्र ५४,०००लाच, आणि वर आयकरात घसारा (वस्तूची दरवर्षी घटणारी किंमत) दाखवायला कागद नाही, वॉरंटीला पुरावा नाही. या तिघांत महाग तोच आहे, तो घेऊ नका.

पुण्याचंही नको. दुकानदाराने काउंटरवरची विक्री धरून सीजीएसटी आणि महाराष्ट्राचा एसजीएसटी लावला, तर मध्य प्रदेशातल्या तुमच्या नोंदणीवर त्याचं क्रेडिट मिळत नाही. बिल भाच्याच्या नावावर झालं तर क्रेडिट विसराच.

ऑनलाइन घेणार असाल तर ऑर्डर देतानाच जीएसटी नंबर टाका, मागाहून बिल बदलून मिळेल या भरवशावर राहू नका. विक्रेता जीएसटी बिल देतो का, हेही आधी पाहा. नंतर ते बिल जीएसटीआर-२बीमध्ये, म्हणजे जीएसटी पोर्टलवरच्या तुमच्या क्रेडिटच्या मासिक यादीत, दिसलं की मगच क्रेडिट घ्या. आणि एक, कराचं क्रेडिट घेतलंत तर घसारा ५०,०००वरच धरायचा, ५९,०००वर नाही.

माझा कौल जेल रोडच्या पक्क्या बिलाला. हजार रुपये जास्त गेले तरी मशीन बिघडल्यावर हाक मारायला दुकान गावातच आहे, आणि तुमचं काम एक दिवसही थांबून चालत नाही. जाताना ऑनलाइनचा भाव मोबाइलवर दाखवा आणि विचारा, ५९,०००त पक्क्या बिलावर देता का?