ट्रॅक लोडर तापतोय? आधी रेडिएटर आणि कूलरच्या मधे बघ

अरे, तापमानाचा काटा लालकडे गेला की लगेच थर्मोस्टॅट (इंजिनाच्या थंड पाण्याचा प्रवाह सांभाळणारा व्हॉल्व्ह) बदलायला धावू नकोस. इंदूरचा मे महिना आणि माळव्याची काळी माती मिळून रेडिएटरचा दम काढतात. बऱ्याच ट्रॅक लोडरमध्ये (चाकांऐवजी पट्ट्यांवर चालणारं, माती उचलायचं मशीन) रेडिएटर आणि हायड्रॉलिक ऑइल कूलर एकावर एक असतात. वरून जाळी चकाचक दिसते, पण धूळ दोघांच्या मधे गोधडीसारखी बसलेली. हवा फॅनच्या उलट दिशेने मार, बेतानेच. जोरात मारलीस तर फिन्स (जाळीतल्या पातळ पट्ट्या) वाकतात. फॅन फिरतोय म्हणजे झालं, असं नाही. बेल्टचा असेल तर बेल्टचा ताण, हायड्रॉलिक मोटरचा असेल तर तापमानाचा सेन्सर आणि त्याची वायर तपास (उंदीर कुरतडतात, हसू नकोस). ट्रॅक (मशीनचा पट्टा) फार ताणलेला असला तरी हायड्रॉलिक ऑइल तापतं. मशीन गरम असताना रेडिएटरचं झाकण मात्र उघडायचं नाही, सुपरवायझर कितीही ओरडो.